ओवीच्या दोन आठवणी

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण आज आपण बहुधा जात्याशी काही संबंध नसलेल्या प्रसंगी वापरतो. भाषणाची तयारी न झालेला वक्ता, लेखाची पहिली ओळ न सापडलेला लेखक, नवे काम अंगावर घेताना कचरणारा माणूस यांना धीर देण्यासाठी ती सांगितली जाते. काम सुरू करा, पुढचे आपोआप सुचेल, एवढाच तिचा अर्थ आता उरला आहे. ज्यांच्या अनुभवातून ही म्हण आली त्या बायकांच्या लेखी मात्र तिच्यात उपदेश नव्हता, साधी वस्तुस्थिती होती. जात्यावर बसल्याखेरीज ओवी खरोखरच आठवत नसे. लोकगीते गोळा करणाऱ्यांना हा अनुभव पुन्हा पुन्हा आलेला आहे. वही उघडून समोर बसले आणि 'ओव्या सांगा' म्हटले की बाई चार ओव्या सांगून अडखळते, हसते, 'आता नाही आठवत' म्हणते. तिच्या हातात खुंटा आला, दगड फिरू लागला, की मग ओवीमागून ओवी येत राहते.

स्मृती डोक्यात असते असे आपण गृहीत धरतो. ओवीची स्मृती दंडात, खांद्यात आणि कमरेत होती. त्या स्मृतीत मेलेली आई होती, दूरच्या गावी दिलेली बहीण होती, न जगलेले मूल होते. ओवी हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे दुःख साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि त्या कोठाराची किल्ली दळण्याच्या कष्टात होती. हे कष्ट संपले ते चांगलेच झाले. पण मग त्या दुःखाचे काय झाले, आणि आपण साहित्याचे वाचक आज छापील ओवी वाचतो तेव्हा नेमके कोणाचे दुःख वाचतो, हा प्रश्न मागे उरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

१

ओवीचा इतिहास सांगताना आपण सवयीने ज्ञानेश्वरीपासून आरंभ करतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. पण त्याच्या सुमारे एकशेसाठ वर्षे आधी, शके १०५१ मध्ये (इ. स. ११२९) कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात ओवीचा उल्लेख येतो. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे तिथे सांगितले आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रबंधांच्या वर्णनात ओवीला जागा दिली. साहित्यशास्त्राने दखल घेण्याच्या आधीच ओवी संगीताच्या आणि श्रमाच्या नोंदींत दिसते, ही बाब आपल्या अध्यापनात पुरेशी ठळक होत नाही. ओवी आधी उखळापाशी आणि जात्यापाशी होती. तिथून ती पोथीत गेली.

पोथीत गेल्यावर तिचे रूप पालटले. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. ती वाचायची, तिचे निरूपण करायचे, तिच्यावर टीका लिहायची. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, पण प्रत्यक्ष गाताना या दोन ओळी मोडल्या जातात, अर्धी ओळ पुन्हा घेतली जाते, मध्ये 'बाई', 'सांगते तुला', 'माझ्या सख्यांनो' अशी संबोधने पेरली जातात. छापील पानावर एका दमात वाचून होणारी ओवी जात्याच्या कित्येक फेऱ्या चालते. चालीला बायका 'गळा' म्हणतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. राग, ताल, चाल हे शब्द गाण्याचे वर्णन करतात. गळा हा शब्द गाणारीच्या शरीरालाच गाण्याचे नाव देतो. एकाच गावातल्या दोघींचे गळे वेगळे असू शकतात आणि एकच बाई निरनिराळ्या गळ्यांत गाऊ शकते.

या दोन ओव्यांतले अंतर किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण गोव्याच्या इतिहासात सापडते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठीत सांगण्यासाठी या इंग्रज पाद्र्याने निवडलेला छंद ओवीचा होता. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत, १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूमनामा काढला आणि धर्मांतरित लोकांच्या लग्नकार्यांतील अनेक जुन्या चालींना मनाई केली. त्यांत बायकांनी 'वोव्यो' गाणे हेही होते. तोच छंद कागदावर धर्मवाङ्मय ठरला आणि बायकांच्या गळ्यात अपराध ठरला. बंदी घालणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती: बायका एकत्र येऊन गातात तेव्हा त्या केवळ मनोरंजन करत नसतात, मागचे सगळे आठवत असतात. जे विसरायला लावायचे आहे ते तिथेच शाबूत राहते.

२

दळण हे काम कसे होते हे ठाऊक असल्याखेरीज ओवीतले दुःख कळत नाही, म्हणून थोडे त्या कामाविषयी.

ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मुलखात पीठ रोज दळावे लागे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची भाकरी नीट थापता येत नाही. धान्य कणगीत वर्षभर टिकते, पीठ टिकत नाही. त्यामुळे घरातल्या बाईला आठवड्याचे दळण एकदम उरकून मोकळे होता येत नसे. दिवसा शेत, पाणी, सरपण, गुरे. म्हणून दळणाला उरणारी वेळ पहाटेची, कोंबडा आरवण्याच्या आसपासची. कुटुंब मोठे असेल तर पायलीभर, म्हणजे चार शेर धान्य दळावे लागे.

जाते म्हणजे एकावर एक बसवलेली दोन गोल दगडी तळी. खालचे स्थिर, वरचे फिरणारे. वरच्याला मधोमध तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. दोघी समोरासमोर बसल्या तर ओढ वाटली जाते. सासू आणि सून, दोघी जावा, माय आणि लेक अशी जोडी बसे. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने ती उचलायची. पाय पसरून बसलेल्या बाईच्या मांडीवर कधी तान्हे मूल झोपलेले असे. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडते, म्हणून अधूनमधून जात्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावणारे गावोगाव हिंडत. नुकत्याच टाकी लावलेल्या जात्याची घरघर वेगळी, झिजलेल्याची वेगळी, दाणे संपत आल्यावरची आणखी वेगळी. बाईच्या गळ्याला सूर देणारे वाद्य हेच होते.

या कामात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे लय. ती सक्तीची आहे, कारण हात थांबला की दळण थांबते. दुसरी म्हणजे एकांत. घर झोपलेले आहे, अंधार आहे, समोर असलीच तर आपल्यासारखीच एक बाई आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निमित्त. ज्या घरात सुनेने दिवसाउजेडी रडत बसणे हा कामचुकारपणा ठरे, त्या घरात दळता दळता गाणे मात्र मान्य होते. पलीकडच्या खोलीतल्या सासूला ओवी ऐकू येते, पण तिच्याबद्दल सुनेला जाब विचारता येत नाही. ती तर रामाच्या, सीतेच्या, विठ्ठलाच्या ओव्या गाते आहे, आणि पीठही पडते आहे. दुःखाला वेळ देण्याची चैन जिला परवडत नाही तिने ते कामाच्या वेळेत मिसळून टाकले.

३

मृत्यूनंतरच्या शोकाची आणखी एक रीत ग्रामीण महाराष्ट्रात होती आणि अजूनही कुठे कुठे आहे: हेल काढून रडणे. मृताला हाक मारून, त्याचे गुण आठवून, सुरात रडायचे. हा शोक सार्वजनिक असतो, त्याला साक्षीदार लागतात आणि त्याची मुदत ठरलेली असते. दिवस झाले की तो संपवावा लागतो. ओवीतल्या शोकाला मुदत नाही. आई जाऊन वीस वर्षे झालेली बाईही जात्यावर बसली की माहेरच्या वाटेवर जाते. तिथे आता भावजय आहे, दार तेच आहे, पण आत येण्याचा आग्रह करणारे माणूस नाही. आईच्या ओव्यांत थेट मृत्यू कमी येतो. येतात त्या आईमुळे अर्थ असलेल्या रोजच्या गोष्टी: उंबरा, चूल, पाण्याचा तांब्या, दिवाळीची वाट पाहणे, पाठवणीची चोळी. या साध्या वस्तूंची यादी हेच तिथे शोकाचे व्याकरण आहे.

सीतेचा वनवास हा ओव्यांचा एक फार मोठा विषय. महाकाव्यात सीतेला वनात सोडण्यामागे राजधर्म आणि लोकापवाद आहे. ओवीत त्यामागे बहुधा सासुरवास आहे. कैकेयी ही तिथे एक सासू आहे. अरण्यात एकटी बाळंत होणारी सीता गाताना बाई स्वतःचे नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. जी गोष्ट 'माझे' म्हणून सांगणे धोक्याचे ती 'सीतेचे' म्हणून सांगता येते. जनाबाईचेही तसेच. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या संत कवयित्रीला विठ्ठल दळू लागतो ही कथा घरोघरच्या जात्यावर पोचली, कारण समोर बसून ओढायला कोणी नाही हे दुःख जवळजवळ प्रत्येकीचे होते. विद्वानांना त्या कथेत भक्तीची परमावधी दिसते. दळणारीला तिच्यात खुंट्यावर पडलेला दुसरा हात दिसत असावा.

सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या ओव्या अहेव मरणाच्या आहेत. नवऱ्याआधी, कुंकू कपाळावर असताना मरण यावे ही त्यांतली मागणी. बाई स्वतःच्या मरणाची, आपल्याला नेसवल्या जाणाऱ्या लुगड्याची, धावत येणाऱ्या भावाची कल्पना करते. वरवर हे पातिव्रत्याचे गुणगान वाटते, आणि पूर्वीच्या कित्येक संपादकांनी ते तसे मानलेही. पण विधवेच्या वाट्याला येणारे जिणे ज्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते त्यांनी केलेला हा हिशेब आहे. येऊ घातलेल्या नुकसानाचा शोक आधीच करून ठेवण्याची ही रीत. संगीत आणि स्मृती यांच्या नात्याविषयी बोलताना आपण नेहमी मागे पाहतो. ओवी पुढेही पाहते.

हे सगळे घरापुरतेच होते असेही नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दलित वस्त्यांतल्या बायकांनी त्यांच्याविषयी गायिलेल्या ओव्यांचा मोठा साठा पुढे ध्वनिमुद्रित झाला. ज्या छंदात भावाला हाक मारायची त्याच छंदात भीमाला हाक मारली गेली. वृत्तपत्रातला आणि सभेतला शोक एका जागी. त्याच शोकाला पहाटेच्या दळणात वर्षानुवर्षे जागा मिळणे ही वेगळी गोष्ट आहे. एखादा नेता इतिहासात जमा होतो आणि एखादा घरातला होतो, यांतला फरक अशा वेळी कळतो.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी साहित्याला ओवी आठवते ती कोणाच्या आठवणीतून?

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह केला. बहिणाबाई चौधरी यांनी शेतात आणि घरात काम करताना म्हटलेली गाणी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी आणि घरातल्या दुसऱ्या एका लिहित्या हाताने उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांच्या मनावर या दोन पुस्तकांचा जो ठसा आहे तो अन्य कोणत्याही लोकगीतसंग्रहाचा नाही. दोन्हींमागे आईविषयीची मुलाची आर्त कृतज्ञता आहे आणि तिच्यामुळेच हा ठेवा वाचला. सोपानदेवांनी ती वही जपली नसती तर मराठी कविता किती दरिद्री राहिली असती, याची कल्पनाही करवत नाही.

पण मुलाची आठवण ही ऐकणाऱ्याची आठवण असते. पहाटे गोधडीत, अर्धवट झोपेत, जात्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा आईचा आवाज. हे चित्र मराठी आत्मचरित्रांत आणि ललित लेखांत इतक्यांदा आले आहे की ते एक संकेतच होऊन बसले. या चित्रात ऊब आहे, सुरक्षितता आहे आणि पुढे आई गेल्यावर त्या आवाजाला आलेली हुरहुर आहे. ते चित्र खोटे नाही. मात्र ते गोधडीतून दिसणारे आहे. मुलगा पुढे शाळेत गेला, लिहायला शिकला, शहरात गेला आणि ओवी त्याच्यासाठी हरवलेल्या बालपणाचे संगीत झाली.

त्याच घरात त्याची बहीण होती. सात-आठ वर्षांची झाल्यावर तिला उठवून आईसमोर खुंट्यावर बसवले जाई. तिने ओवी झोपेत ऐकली नाही. झोप मोडून, हाताला फोड येत, आईच्या ओढीला आपली ओढ जुळवत ती शिकली. तिची आठवण ही ओढणाऱ्या हाताची आठवण आहे. सासरी गेल्यावर तीच ओवी ती दुसऱ्या जात्यावर घेऊन गेली, आणि आई गेल्यावर तिने आईबद्दलची ओवी आईकडूनच शिकलेल्या गळ्यात गायिली. मुलाच्या लेखी ओवी आईची आठवण करून देते. मुलीचे तसे नाही. ओवी गाताना तिच्या हातांची हालचालच आईची होते. या दुसऱ्या स्मृतीला हुरहुर हा शब्द अपुरा आहे. तिच्यात कष्टाचा राग, झोपेची भूक, समोरच्या बाईविषयीची माया आणि मेलेल्या माणसाची ओढ हे सारे एकाच पिठात मिसळलेले आहे. ती मुलगी लिहायला शिकली नाही, म्हणून तिची आठवण पुस्तकांत उशिरा आणि तुटकपणे आली.

याचा परिणाम संपादनावरही झाला. छापील संग्रहांत ओव्या बहुधा नात्यांप्रमाणे लावलेल्या असतात: आई, भाऊ, माहेर, सासर, मूल, देव. वाचकाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण जात्यावर क्रम असा नसे. भावाच्या कौतुकाची ओवी संपते न संपते तोच मृत आईची ओवी, तिच्यामागून पाऊस लांबल्याची, मग पंढरीच्या वाटेची, मध्येच समोरच्या बाईला मारलेला टोमणा. शोक आणि रोजचे जगणे यांच्यात तिथे भिंत नाही. वर्गीकरणाने ती भिंत घातली. मग 'भाऊ-बहिणीचे प्रेम' या प्रकरणात सगळे गोड गोड जमा झाले आणि वर्गात शिकवताना ओवी म्हणजे नात्यांचा गोडवा असे समीकरण पक्के झाले. कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्या कामामुळे स्त्रीगीतांकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळ विस्तारली हे खरे. तरी पाठ्यपुस्तकातल्या ओवीवरचा गोधडीचा वास अजून पुरता गेलेला नाही.

५

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वीज खेडोपाडी पोहोचली. तिच्याही आधी मोठ्या गावांत तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या होत्या; दुपारी त्यांच्या नळकांड्याचा पुक्-पुक् आवाज शिवारात दूरवर ऐकू येई. डोक्यावर डबा किंवा पाटी घेऊन गिरणीला जायचे, नंबर लावायचा, दळण घेऊन यायचे. पहाटेची घरघर घराघरांतून ओसरत गेली. त्याच सुमारास आकाशवाणीने पहाटेला नवे सूर दिले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांचे संगीत; आठवड्याला एक गीत या क्रमाने ते वर्षभर चालले. लोक ठरल्या वेळी रेडिओभोवती जमत. मराठी घरांतल्या कित्येक आठवणी आणि कित्येक मृत्यू आज त्या सुरांशी बांधलेले आहेत. रामकथा तीच, सीतेचे दुःख तेच. फरक असा की सीतेचे दुःख आता ऐकायचे होते, गायचे नव्हते. गोधडीतल्या मुलाची जागा सगळ्या घराला मिळाली.

जाते थांबल्याचे दुःख कोणाला झाले? ज्यांनी ते ओढले त्यांना नक्कीच नाही. रोजचे दोन-तीन तास, खांद्याचे दुखणे आणि मोडलेली झोप यांतून सुटका झाली, याचा आनंद त्यांनी कधी लपवला नाही. ओवी गेली म्हणून हळहळणारे आपण सारे आयते पीठ खाणारे आहोत, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. शहरातल्या उपाहारगृहांत दाराशी शोभेसाठी मांडलेले जाते पाहून गहिवरणे सोपे आहे. तिला ते दिसले तर ती आधी त्याचे वजन आठवेल.

आणि तरीही काहीतरी गेले. गिरणीने कष्ट वाचवले, तसे निमित्तही काढून घेतले. दुःखाला कामाच्या आड जी हक्काची वेळ मिळत होती ती उरली नाही. गिरणीवर बायका जमत, बोलत, पण तिथे पट्ट्याच्या आवाजात गळा लागत नाही, आणि अंधारही नसतो. वाचलेला वेळ बाईला स्वतःसाठी मिळाला असेही सहसा झाले नाही. तो मजुरीत, शेतात, पाण्याच्या खेपांत गेला. म्हाताऱ्या बायकांच्या स्मृतीत हजारो ओव्या होत्या, पण त्या काढायला हात चालवायला हवा होता, आणि हाताला ते काम उरले नव्हते. विस्मरण म्हणजे काही पुसले जाणे असे आपल्याला वाटते. इथे काहीच पुसले गेले नव्हते. फक्त तिथे जाण्याची वाट बंद झाली होती.

६

या बंद होत चाललेल्या वाटेवर काही माणसे वेळेवर पोहोचली. गी प्वातवँ हे मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक-कार्यकर्ते आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशी-मावळाच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचे काम करताना १९८० च्या दशकात ओव्या जमवायला आरंभ केला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत त्याच गावांतल्या बायका होत्या. केवळ माहिती पुरवणे एवढीच त्यांची भूमिका नव्हती, त्या संग्रह करत होत्या, अर्थ लावत होत्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-संगणक अभ्यासकाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण झाले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा हा संग्रह आहे. प्वातवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळाने हा साठा आवाज आणि चित्रांसह लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्यासाठी कार्यकर्ते ध्वनिमुद्रणाच्या गावांत वीस-एक वर्षांनी पुन्हा गेले. काही गायिका भेटल्या, काही तोवर राहिल्या नव्हत्या.

मृत आईसाठी गायिलेली ओवी, गाणारी स्वतः गेल्यावर तिच्या लेकीने यंत्रावर ऐकणे हा प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासाला नवा आहे. शोकाचे एक वर्तुळ तिथे पुरे होते असे म्हणण्याचा मोह होतो; पण ते पुरे होत नाही. कागदाने ओवीचे शब्द राखले, फितीने गळा राखला. ती पहाट, तो समोरचा हात आणि 'मी काम करते आहे, मला टोकू नका' असे न बोलता सांगणारी घरघर या गोष्टी राखण्याचे साधन आपल्यापाशी नाही. त्या ध्वनिफिती ऐकताना एक लाभ मात्र होतो. दोन ओव्यांच्या मध्ये श्वास ऐकू येतो, मागे जाते ऐकू येते, मध्येच कोणी हसते, कोणी अडखळते, कोणी रडून थांबते. छापील पानावर न दिसणारी ती बहीण तिथे प्रथमच आपल्यासमोर बसलेली आढळते. ओवी शिकवणाऱ्याने वर्गात निदान एकदा अशी फीत लावावी आणि मग पुस्तक उघडावे. पाठातल्या दोन ओळींचे वजन विद्यार्थ्यांना वेगळे लागेल.

आज जाते घराघरांतून पुन्हा एकदा बाहेर निघते ते लग्नाच्या वेळी. त्याला धुऊन, हळदकुंकू लावून, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून सुवासिनी हळद दळतात. त्याला घाणा भरणे म्हणतात. खुंट्याला हात लावून चार फेरे झाले, छायाचित्रे निघाली, की विधी आटोपतो. ओव्या कोणाला येत नसतात, म्हणून कोणीतरी भ्रमणध्वनीवर लावते. घरातली सर्वांत म्हातारी बाई पुष्कळदा जरा दूर, भिंतीला टेकून बसलेली असते. ती विधवा आहे, म्हणून रूढीने तिला त्या खुंट्याला हात लावता येत नाही. साऱ्या मांडवात ओव्या येतात त्या तिला एकटीला. लक्ष देऊन पाहिले तर तिचा उजवा हात गुडघ्यावर किंचित गोल फिरत असलेला दिसतो. आणखी थोडे जवळ गेले तर ओठही हलताना दिसतील. तिला पुढे बोलावून खुंट्यावर बसवण्याइतके धैर्य आपल्याला झाले, तर पुढची ओवी तिला आपोआप सुचेल.